सगळ्या केबल पास

दुपारचं जेवून अप्पा जरा आडवे झाले, डोळ्यांवर पेंग आली, की नेमकी तेव्हाच दाराबाहेरची पेटी बोलायची, "नमस्कार. मी सज्ज आहे."

कशासाठी सज्ज, ते ती कधी सांगत नसे. दाराशी कोणी नसायचं. बायको आतून विचारायची, "कोण आलंय?" आणि अप्पा सांगायचे, "कोणी नाही, पेटी सज्ज आहे." त्यावर बायकोचं म्हणणं असं, की या घरात इतकी वर्षं कोणी कशाला सज्ज झालेलं तिने पाहिलं नाही, तेव्हा पेटी तरी झाली हे चांगलंच झालं. पहिल्यांदा ती हे बोलली तेव्हा अप्पा हसले. नंतर हसले नाहीत.

इमारत स्मार्ट झाली होती, त्याचं हे फळ. प्रत्येक दाराबाहेर कॅमेरा असलेली बोलकी पेटी, प्रत्येक स्वयंपाकघराच्या छताला धूर हुंगणारी तबकडी, जिन्यात माणसाची चाहूल लागली की पेटणारे दिवे, आणि म्हातारी माणसं असतील त्या घरात पलंगाशेजारी मदतीचं लाल बटण. हे सगळं एकाच जातीच्या निळ्या केबलला लोंबकळत होतं. तिच्यातूनच वीज यायची, तिच्यातूनच निरोप जायचे. ही केबल तळमजल्यावर मीटरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून निघायची, भिंतीतून वर चढायची, आणि टोकाला बोटाच्या पेराएवढा पारदर्शक प्लग लावून थेट त्या त्या उपकरणात खुपसलेली असायची. भिंतीवर सॉकेट नाही, मध्ये जोड नाही. "डायरेक्ट कनेक्शन आहे सर," कंत्राटदार उद्घाटनाच्या दिवशी म्हणाला होता. "मध्ये कुणी नाही म्हणजे भानगड नाही."

अप्पांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात तारा तपासण्यात गेली होती. मध्ये कुणी नाही म्हणजे भानगड नाही, हे वाक्य त्यांनी खात्यातल्या अनेक साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि दर वेळी भानगड टोकाला सापडली होती. पण उद्घाटनाच्या दिवशी असं बोलणं बरं दिसत नाही. शिवाय इमारतीतली मंडळी त्यांना पाठीमागे 'राँग नंबर' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. पाठीमागे ठेवलेलं नाव माणसाला सगळ्यांच्या आधी कळतं.

एकट्या अप्पांची पेटी बिघडली असती तर गोष्ट वेगळी. पण जिन्यातले दिवे माणूस आला की विझायचे आणि तो धडपडून वर पोहोचला की समाधानाने पेटायचे. वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे अशील बसले की छतावरची तबकडी गोड आवाजात म्हणायची, "कृपया घाबरू नका, शांतपणे इमारतीबाहेर पडा." एक अशील खरोखर शांतपणे बाहेर पडला. तो परत आलाच नाही, आणि त्याची केसही नाही. यावर जो तो आपापल्या परीने सल्ला देत होता. होमिओपाथ डॉक्टर म्हणाले, पेटी पुसताना ओलं फडकं लावू नका, तिला दमट हवा सोसत नाही. शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, ती बोलली की तिला उत्तर द्यायचं, म्हणजे गप्प बसते. त्यांच्या वर्गात हाच उपाय लागू पडतो. वकीलसाहेब म्हणाले, सगळं लेखी ठेवा. कोणी काय लेखी ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

अप्पांनी विषय काढला तो अध्यक्षांजवळ. अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर आणि अप्पांचे एकुलते एक मित्र. रोज संध्याकाळी दोघं फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसत आणि आपापले गुडघे, आपापले जावई आणि जगाचा एकूण ऱ्हास यावर बोलत. इमारतीत अप्पांना अरे म्हणणारा तेवढा एकच माणूस होता.

"अरे, रिपोर्ट आहे," अध्यक्ष म्हणाले. "चांगला जाडजूड आहे. मशीन लावून एकूण एक केबल तपासली आहे त्याने. सगळ्या पास. मी स्वतः बघून सही केली."

अप्पांनी तो रिपोर्ट मागून घेतला आणि चष्मा पुसून वाचला. खरंच, पानोपान हिरवी खूण होती. शाळेत अप्पांना असं प्रगतिपुस्तक कधी मिळालं नव्हतं, आणि ज्यांना मिळालं होतं त्यांच्याबद्दल त्यांच्या मनात तेव्हापासूनच संशय होता. ते थेट कंत्राटदाराच्या ऑफिसात गेले.

कंत्राटदार तसा गोड माणूस. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि तपासणी कशी केली ते काही न लपवता सांगितलं. केबल ओढून झाली की टोकाला तात्पुरतं सॉकेट बसवायचं, मशीन लावायचं, पास झालं की ते सॉकेट कापून टाकायचं आणि तिथे प्लग लावून पेटीत खुपसायचा.

"म्हणजे प्लग लावल्यावर तपासली नाही," अप्पा म्हणाले.

"आधी तपासली ना सर."

"परीक्षेला बसला एक आणि नोकरीला लागला त्याचा भाऊ, असं झालं हे."

"केबल तीच आहे सर," कंत्राटदार हसून म्हणाला. "टोक तेवढं नवीन. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका असं सांगितल्यावर ज्यांना टेन्शन येत नाही अशी माणसं जगात असतात. ती सुखी होतात, कमिट्यांवर निवडून येतात. अप्पा त्यांतले नव्हते. त्या रात्रीपासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमू लागली: ज्या टोकाला सगळं काम चालतं, तेवढंच टोक कुणी तपासलेलं नाही.

तपासायचं तर मशीन हवं. ते महागडं असतं, आणि ज्याच्याकडे असतं तो ते पोटच्या पोरासारखं जपतो. पण बायकोचा भाऊ एका मोठ्या कारखान्यात खरेदी अधिकारी होता. हा मेहुणा लग्नापासून अप्पांकडे कारकुनाने गहाळ फायलीकडे बघावं तसं बघत आला होता. आता त्याला संधी मिळाली. त्याने अप्पांना दोनदा फेऱ्या मारायला लावल्या, सरकारी खात्यांवर एक व्याख्यान दिलं आणि शेवटी मशीन दिलं. दोन जड डबडी होती. एक कपाटाच्या टोकाला लावायचं, दुसरं उपकरणाच्या टोकाला. मधली केबल चांगली असेल तर पडद्यावर हिरवं येतं, नाही तर लाल.

अडचण एवढीच होती की दुसऱ्या डबड्याचं तोंड केबलच्या प्लगशी जुळेना. कारखान्यात सगळीकडे सॉकेटं. त्यांच्यासाठी केलेलं ते तोंड होतं. अप्पांनी बाजारातून एक जोडणीचा तुकडा आणला, एका बाजूने प्लग खुपसायचा, दुसऱ्या बाजूने मशीनची वायर. आणि मग बायकोला मीटरच्या खोलीत खुर्ची टाकून बसवलं, हातात पहिलं डबडं दिलं, कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि स्वतः स्टूल घेऊन जिने चढू लागले.

बायको उशी घेऊन बसली होती आणि सुरुवातीला तिची फारच कुरकुर होती. पण पहिलं बटण दाबल्यावर फोनवरून तिचा आवाज आला, "लाल." मग दुसरं, "लाल." तिसऱ्यानंतर तिच्या आवाजात जराशी गोडी आली. संसारात आपल्या नवऱ्याचं एखादं म्हणणं मशीनने खरं ठरवावं असा प्रसंग तिच्यावर प्रथमच आला होता, आणि त्यात तिचा हात होता. "हेही लाल," ती म्हणायची, "पुढचं लावा." अख्खी इमारत लाल झाली. अप्पा स्टुलावरून उतरले ते अंगात वारं भरल्यासारखे.

त्यांनी अध्यक्षांना आधी सांगायला हवं होतं. ते त्यांनी केलं नाही. हॉलमध्ये सभा भरली होती, विषय पाण्याच्या टाकीचा होता, आणि अप्पा आयत्या वेळच्या विषयांत मशीन आणि जोडणी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले की इमारतीतली एकही केबल धड नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली. कंत्राटदार पाण्याच्या टाकीचंही काम घेऊ बघत होता म्हणून तो तिथे हजर होता. तो शांतपणे पुढे आला.

"सर, हे मध्ये काय लावलंय?"

"जोडणी."

"कुठून घेतली?"

"बाजारातून."

"आणि ही तपासलेली आहे का?"

कंत्राटदाराने पिशवीतून कारखान्यातच प्लग लावून आलेली एक कोरी करकरीत वायर काढली, अप्पांच्याच जोडणीत खुपसली आणि मशीन लावलं. लाल. ती काढून तिच्या जागी स्वतःकडची तपासलेली जोडणी लावली. हिरवं. सगळा दोष त्या तुकड्याचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मागच्या रांगेतून कुणी तरी हळूच म्हणालं, "राँग नंबर," आणि पहिल्यांदाच ते अप्पांच्या समोर म्हटलं गेलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते पाण्याच्या टाकीकडे वळले.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. बायकोने तसं सुचवलं. पण मानहानीचं एक असतं, ती माणसाला एक तर घरात बसवते किंवा अभ्यासाला बसवते. अप्पांनी चौकशी केली तेव्हा कळलं की अशा थेट प्लगसाठी मशीनचं वेगळं तोंड मिळतं. त्यात तो प्लग जसाच्या तसा बसतो, मध्ये काही लागत नाही, आणि प्लगचीही परीक्षा होते. मशीन भाड्याने देणाऱ्या एका दुकानात ते होतं. दुकानदार म्हणाला, खाजगी माणसाला देत नाही, संस्थेचं पत्र आणा. चिटणीस म्हणाले, पत्र हवं तर अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाले, अर्ज कमिटीपुढे जाईल. कमिटी कधी बसेल? पत्र देण्यासारखा विषय असेल तेव्हा. हा विषय नाही का? हा अर्ज आहे, विषय नाही. खात्यात असताना अप्पांनी स्वतः लोकांना अशी उत्तरं दिली होती. ती ऐकताना कशी लागतात हे मात्र त्यांना आता कळलं.

शेवटी संध्याकाळी बाकावर त्यांनी अध्यक्षांपुढे कोरा लेटरहेड धरला. अध्यक्षांनी बराच वेळ तो हातात ठेवला.

"तू माझा मित्र आहेस म्हणून," ते म्हणाले आणि सही केली. मीटरच्या खोलीला त्या सभेनंतर कुलूप लागलं होतं, त्याची किल्लीही दिली. "पण माझ्या घरातलं काही उपसू नकोस. हिची तब्येत बरी नाही, तिला गडबड सोसत नाही."

अध्यक्षांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, दम्याचा त्रास होता. अप्पांनी त्यांचं घर वगळलं. बाकी पुन्हा तेच, बायको खाली उशीवर, अप्पा वर स्टुलावर. या वेळी काही हिरवं आलं, आणि म्हणूनच लालवर विश्वास बसला. निम्म्याहून जास्त टोकं नापास होती. अप्पांनी एक प्लग भिंगाखाली धरून पाहिला तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं. आतल्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात आणि तो पीळ टोकापर्यंत ठेवायचा असतो. इथे तो चांगला बोटभर उलगडून ठेवला होता. वर प्लग बारीक तारेचा, केबल जाड. दात तारेला लागले तर लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभ शाबूत होता आणि पीळच गेला होता. जरा भिंत तापली, जरा कुणी दार आपटलं, की टेकलेली तार सुटायची, पेटीची वीज जायची, परत यायची, आणि पेटी नव्याने जन्म घेऊन नमस्कार करायची.

या वेळी अप्पांनी शहाणपण केलं. ते आधी बाकावर गेले.

अध्यक्षांनी कागद पाहिले. "हे कुणाला दाखवलंस?"

"तुलाच पहिल्यांदा."

"मग आता दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. मी हळूहळू बघतो."

"हळूहळू काय? त्याची शेवटची रक्कम जायची आहे, ती अडवून ठेव आणि प्लग बदलून घे. सरळ काम आहे."

"ती गेली." अध्यक्ष फाटकाकडे बघत होते. "काम पूर्ण, तपासलं, समाधानकारक, असं माझ्या सहीने लिहून दिलंय मी. बँकेत इतकी वर्षं काढली, माझी एक सही कधी चुकली नाही. आता या वयात चुकवू?"

"चुकवायची कशाला," अप्पा म्हणाले. "चुकलीच आहे ती."

असं वाक्य माणूस आयुष्यभर जपून ठेवतो, शत्रूसाठी. अप्पांनी ते मित्रावर खर्च केलं. तोंडातून गेल्यावर त्यांना ते कळलं, पण अध्यक्ष तोवर उठले होते. कागद त्यांनी बाकावरच ठेवले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक दगडही ठेवला. बँकेची सवय.

पुढची सभा झाली ती अप्पांवरच. कंत्राटदार म्हणाला की प्लग नाजूक असतात, ते काढले-घातले की बिघडतात, आणि अप्पांनी ते दोन-दोन वेळा काढले आहेत. म्हणजे पूर्वी पास असलेली केबल आता नापास दिसत असेल तर ती कुणामुळे, हे त्याने बोलायची गरज नाही. असं म्हणून तो ते बोललाच. शिवाय बाहेरच्या माणसाने हात लावल्यामुळे कंपनीची हमीही गेली आहे, पण संस्थेशी असलेले संबंध पाहता तो तेवढं मनावर घेणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चोराच्या उलट्या बोंबा ऐकाव्या लागतात हे अप्पांना माहीत होतं, त्यावर टाळ्याही पडतात हे नव्यानेच कळलं. वकीलसाहेबांनी सुचवलं की अप्पांना रीतसर नोटीस द्यावी, म्हणजे लेखी राहील. अध्यक्षांनी ठराव वाचला. वाचताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

नोटीस बायकोने घेतली, कारण अप्पा अंघोळीला गेले होते. तिने ती दोनदा वाचली. मशीनचं बटण कुणी दाबलं याचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता, आणि त्याचा तिला राग आला होता.

त्यानंतर बाकावर अप्पा एकटेच बसू लागले. अध्यक्षांना डॉक्टरांनी म्हणे चालायला सांगितलं होतं. ते संध्याकाळभर इमारतीभोवती फेऱ्या मारत आणि बाकाच्या बाजूला आले की घड्याळ बघत.

मग एका दुपारी दारावर टकटक झाली. पेटी असताना टकटक, म्हणून अप्पांनी उठून पाहिलं तर वकीलसाहेब. त्यांच्या तबकडीने आणखी एक अशील इमारतीबाहेर काढला होता. अप्पांनी जरा बघावं, अशी त्यांची इच्छा होती.

"नोटीस तुम्हीच लिहिलीत ना?" अप्पा म्हणाले.

"ती मी कमिटीचा वकील म्हणून लिहिली. आता शेजारी म्हणून आलोय." आणि मग जरा खाली आवाजात, "बाहेर कुठे बोलू नका. माझीच अडचण व्हायची."

अप्पांच्या मनात दार लावून घ्यायचं होतं. पण बायको मागून म्हणाली, "जा. ती लाल टोकं आठवून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही." मग त्यांनी जाड केबलचे योग्य प्लग आणले, ते दाबून बसवायची पक्कड आणली, आणि वकिलांच्या छताला हात घातला. पीळ टोकापर्यंत राखला, तारा सारख्या कापल्या, प्लग चेपला. तबकडी गप्प झाली. वकीलसाहेबांनी चहा दिला आणि जाताना जिन्यात कुणी नाही ना ते आधी वाकून पाहिलं.

बातमी कशी पसरते कोण जाणे, कारण प्रत्येकाने कुणालाही न सांगायचं वचन घेतलं होतं. डॉक्टर आले. शिक्षिकाबाई आल्या, पेटीला उत्तरं देऊन त्यांचा घसा बसला होता. चिटणीस आले, अर्जाशिवाय. सगळे जेवणानंतरच्या सामसुमीत यायचे, वाण्याकडे उधारीला जावं तसे. अप्पा पिशवीत पक्कड घेऊन निघायचे आणि वाटेत कुणी भेटलं की भाजी आणायला चाललोय म्हणायचे. ज्यांना ते हे सांगत त्यांच्याकडेही आदल्याच आठवड्यात जाऊन आलेले असत, त्यामुळे ती माणसं गंभीरपणे भाजीचे भाव विचारत. जिन्यातले दिवे त्यांनी स्वतःच्या मनाने केले. कुणी सांगितलं नव्हतं, पण लोक धडपडत होते.

एकच घर राहिलं होतं. त्या घरचा माणूस आला तेव्हा त्याने दार वाजवलंही नाही. अप्पा कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले तर अध्यक्ष जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. किती वेळ, ते त्यांनाच ठाऊक.

"ही न्हाणीघरात पडली," ते म्हणाले. "काल संध्याकाळी. सरपटत पलंगापर्यंत आली आणि लाल बटण दाबलं. दाबत राहिली. कुणाला काही कळलं नाही."

"तू कुठे होतास?"

"खालीच होतो. फेऱ्या मारत होतो."

अप्पांनी पिशवी तशीच खाली ठेवली, आत जाऊन पक्कड घेतली आणि मशीनसाठी मेहुण्याला आणि त्याच्या वेगळ्या तोंडासाठी दुकानदाराला फोन करायला बायकोला सांगितलं. मेहुण्याने या वेळी व्याख्यान दिलं नाही. बहिणीच्या आवाजात काही तरी असावं.

वहिनींचा हात प्लास्टरमध्ये होता. त्या उशांना टेकून बसल्या होत्या आणि अप्पांना पाहून म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी आलात भावजी. मी ह्यांना विचारत होते, तुम्ही दोघं बोलत का नाही. तर म्हणाले, चालण्यामुळे वेळ होत नाही." अप्पा म्हणाले, खरं आहे, चालणं फार वाढलंय. त्यांनी स्टूल मागितलं. अध्यक्षांनी ते आणलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बटणाची पेटी पलंगामागच्या कपाटावर होती. स्टुलावर चढून अप्पांनी तिच्यातलं टोक ओढलं तर प्लग त्यांच्या हातात आला आणि तार भिंतीतच राहिली. नुसती टेकवून ठेवलेली होती.

नवा प्लग चेपायला फार वेळ लागला नाही. मीटरच्या खोलीतून बायकोचा फोन आला, "हिरवं." वहिनींना बटण दाबायला सांगितलं. खाली फाटकाजवळ आणि अध्यक्षांच्या खिशात एकदम घंटा वाजली. वहिनींनी पुन्हा दाबलं, परत वाजली. मग त्या उगाचच आणखी एकदा दाबून हसल्या, आणि अध्यक्ष भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अप्पा स्टुलावरच होते. आता हा काही तरी बोलेल असं त्यांना वाटलं. फार नको होतं. 'बैस' म्हणाला असता तरी चाललं असतं.

अध्यक्ष त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले. "उपकार झाले," ते म्हणाले. अप्पांना अध्यक्षांच्या तोंडून हा शब्द परका वाटला. "एक कर. खाली कुणी विचारलं तर कंत्राटदाराचा माणूस येऊन गेला, असं मी सांगणार आहे. तूही तेच सांग."

अप्पा बरं म्हणाले. भांडायला जो दम लागतो, तो जिने चढून उतरून संपला होता.

वार्षिक सभा झाली तेव्हा हॉल भरलेला होता. अध्यक्षांनी अहवाल वाचला. सांगायला आनंद वाटतो की गेल्या कित्येक आठवड्यांत स्मार्ट यंत्रणेबद्दल एकही तक्रार आलेली नाही. सुरुवातीला काही सभासदांनी, हेतू चांगला असेल, पण विनाकारण घबराट निर्माण केली होती. कामच त्याला उत्तर ठरलं. लोकांनी माना डोलावल्या, आणि सगळ्यात जोरात त्यांनी, ज्यांच्या छतांना अप्पांच्या बोटांचे ठसे अजून होते. सुंठीवाचून खोकला गेला अशी इमारतीची समजूत झाली होती, आणि सुंठ तिसऱ्या रांगेत बसली होती. मग कंत्राटदाराच्या अभिनंदनाचा ठराव आला. त्याला शेजारच्या नव्या इमारतीचं काम मिळालं होतं, ते या इमारतीच्या रिपोर्टावर.

"अनुमोदन?" अध्यक्षांनी विचारलं.

वकीलसाहेब उठले. "अप्पांनीच द्यावं," ते म्हणाले. "म्हणजे कटुता राहणार नाही."

सगळा हॉल वळला. अप्पांनी एकेक चेहरा पाहिला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. शिक्षिकाबाई पर्समध्ये काही तरी शोधत होत्या. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, प्लास्टर निघालेला हात मांडीवर ठेवून, आणि अप्पांकडे बघून त्या ओळखीचं हसल्या. नोटीस, सही, भांडण, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. अध्यक्षांनी या खेपेला मान वर केली होती. त्यांच्या डोळ्यांत दरडावणं नव्हतं. विनवणी होती, आणि अप्पांना तीच नको होती.

शेजारी बायको पुटपुटली, "हात वर केलात तर घरी येऊ नका."

अप्पांनी हात वर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. इमारतीत अप्पांसाठी टाळ्या वाजल्या त्या तेवढ्याच.

सभा संपल्यावर कंत्राटदाराने त्यांना दारात गाठलं. हस्तांदोलन केलं आणि हातातला हात सोडलाच नाही. अप्पांच्या कामाबद्दल आपल्या कानावर सगळं आलंय, असं तो हळू आवाजात म्हणाला. असा हात आता बघायला मिळत नाही. पोरं नुसती घाई करतात, तारांचा पीळ सोडून देतात. शेजारच्या इमारतीत शेकड्यांनी टोकं आहेत, तेव्हा अप्पांनी तेवढे प्लग लावून द्यावेत, अशी त्याची विनंती होती. मान देऊ, नाव कुठे येऊ देणार नाही.

"लावीन," अप्पा म्हणाले, आणि आपल्याच आवाजातली आशा ऐकून त्यांना लाज वाटली. "पण लावल्यावर प्रत्येक टोक मशीनवर तपासणार. माझी बायको तपासेल."

"छे, छे, वहिनींना कशाला त्रास?" कंत्राटदाराने हात आणखी घट्ट धरला. "तपासणीचं तुम्ही मनावरच घेऊ नका सर. ती मागच्या आठवड्यातच झाली."